कधीही, कुठेही, कशासाठीही

अमेरिकेचं नागरिकत्व मागायला गेलं की सरकार जे प्रश्न विचारतं ते वाचून, आपण आजवर किती मिळमिळीत आयुष्य काढलं याची माणसाला लाज वाटायला लागते. एन-४०० नावाचा हा अर्ज. वंशसंहारात भाग घेतलात का? कुणाचा छळ केलात का? सशस्त्र टोळीत होतात का? एकाच वेळी एकाहून जास्त लग्नं? जगात कुठेही कम्युनिस्ट पक्षाशी संबंध? बेकायदा जुगारातून कमाई? मी मूळचा डोंबिवलीचा. आमचा जुगार म्हणजे दिवाळीतली तीनपत्ती, आणि कमाई म्हणजे मेहुण्याकडून जिंकलेले चाळीस रुपये. ते त्याने अजून दिलेले नाहीत, म्हणजे कमाई शून्य. ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ करत मी ठाण्याला न थांबणाऱ्या फास्ट लोकलसारखा सुटलो होतो. आणि मग एका प्रश्नापाशी थांबावं लागलं.

तुम्हाला कधीही, अमेरिकेत किंवा अन्यत्र, कुठल्याही पोलिसाने, कुठल्याही कारणासाठी अटक केली आहे का, अडवून ठेवलं आहे का, सायटेशन दिलं आहे का? यातलं ‘कधीही’ तेवढं ठळक, मोठ्या अक्षरांत. वर बारीक अक्षरांत तंबी: तुमची नोंद सीलबंद झाली असली, पुसून टाकली असली, किंवा एखाद्या न्यायाधीशाने वा वकिलाने ‘तुमच्यावर आता काही नाही’ असं सांगितलं असलं, तरीही लिहा.

पोलीस गाडी थांबवून जो कागद हातात ठेवतो त्याला आम्ही सगळे तिकीट म्हणतो. सरकारदरबारी ते सायटेशन. आणि त्यांचा माझ्याकडे बऱ्यापैकी संग्रह आहे.

पहिलं तिकीट वेगाचं. न्यू जर्सीत आमच्या भागात गावातल्या रस्त्यावर ताशी २५ मैलांची मर्यादा असते. मी ३८ ने चाललो होतो. मागे लाल-निळे दिवे लुकलुकायला लागले तेव्हा मी गाडी बाजूला घेतली आणि जे आपण सगळे करतो तेच केलं. दार उघडलं, चेहऱ्यावर ओशाळं हसू आणलं आणि कागद हातात घेऊन साहेबांच्या दिशेने निघालो. आपल्याकडे यात एक रीतभात असते: गाडीत बसून राहणं म्हणजे माज, उतरून जवळ जाणं म्हणजे समजूतदारपणा. पोलिसाच्या गाडीवरचा भोंगा खेकसला, ‘गाडीत बसा! हात स्टिअरिंगवर!’ समोरच्या घरातली आजीबाई पडदा सरकवून बघायला लागली. मी बसलो. हात स्टिअरिंगवर ठेवले. मग लायसन्स मागितलं, ते मागच्या खिशात. आता खिशात हात घालावा तर पंचाईत, न घालावा तर पंचाईत. शेवटी मी ‘मे आय?’ असं विचारून स्वतःच्याच खिशात हात घातला. माझ्या मुलाच्या वयाच्या त्या पोलिसाने मला दर वाक्याला ‘सर’ म्हणत दंड केला. मायदेशात मला दंड करतानाच काय, सोडून देतानाही कुणी सर म्हटलेलं नव्हतं. मर्यादेच्या वर १४ मैलांपर्यंत दोन पॉइंट, असा इथला हिशोब. मी तेरावर होतो. एवढी काटकसर मी वेगाच्या बाबतीत आयुष्यात पुन्हा कधी केली नाही.

दुसरं तिकीट स्टॉप साइनचं. तिथे पूर्ण थांबायचं असतं, म्हणजे चाकं निश्चल. मी थांबल्यासारखं केलं. डोंबिवलीत एवढ्यासाठी लोकांनी सत्कार केला असता. हे प्रकरण मी गावच्या म्युनिसिपल कोर्टात नेलं, कारण पॉइंट वाढले की विम्याचा हप्ता वाढतो आणि विम्याचा हप्ता वाढला की घरातलं वातावरण बिघडतं. कोर्टात आधी सरकारी वकिलासमोर रांग. माझा नंबर आल्यावर त्याने मान वर न करता सांगितलं, ‘अनसेफ ड्रायव्हिंग घ्या. पॉइंट नाहीत.’ पहिल्या दोन वेळा यात पॉइंट लागत नाहीत, त्याऐवजी २५० डॉलरचा सरचार्ज भरायचा. माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही: हे आपलंच तोडपाणी, फक्त पावतीसकट आणि न्यायाधीशासमोर. दंड, कोर्टाचा खर्च आणि सरचार्ज मिळून आकडा पाचशेच्या आत राहिला, पण अगदी कडेला.

तिसरं तिकीट गणपतीच्या कृपेचं. क्वीन्समध्ये फ्लशिंगला गणपतीचं मोठं देऊळ आहे, आणि त्याच्या तळघरातल्या उपाहारगृहातला डोसा देवाइतकाच प्रसिद्ध आहे. चतुर्थीच्या गर्दीत मला नेमकी एकच जागा रिकामी दिसली. देवानेच राखून ठेवलीय म्हणून मी गाडी लावली. ती जागा आगीच्या बंबवाल्यांच्या नळाशेजारची होती. न्यू जर्सीत या नळापासून १० फूट सोडावे लागतात, न्यूयॉर्कमध्ये १५. मी जर्सीच्या हिशोबाने दहा-अकरा फूट सोडले होते आणि वर स्वतःची पाठ थोपटली होती. ११५ डॉलर. डोसा धरून जास्त.

आता हे सगळं लिहायचं की नाही? गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात, एका शाळेच्या कॅफेटेरियात श्रीखंड-पुरीच्या रांगेत मी हा विषय काढला आणि मराठी माणसाला शोभतील असे दोन तट ताबडतोब पडले. नाना म्हणाले, ‘काही लिहू नकोस. सरकारला सगळं माहीत असतं, मग सांगायचं कशाला?’ त्यांच्या मागचे गृहस्थ म्हणाले, ‘सगळं लिहा. सरकारला सगळं माहीत असतं, म्हणून सांगायचं.’ एका बाईंनी, त्यांच्या बहिणीच्या दिरांनी काही न लिहिता पासपोर्ट मिळवल्याची हकिगत सांगितली. दुसऱ्या बाईंनी, त्यांच्या ऑफिसातल्या एकाचा अर्ज याच कारणावरून अडकल्याची. रांग पुढे सरकली तशी चर्चा श्रीखंडात केशर आहे की रंग, इकडे वळली आणि मी होतो तिथेच राहिलो.

माझ्या घालमेलीला कारण होतं. भारतात जन्मलेल्या माणसाला ग्रीन कार्डासाठी ज्या रांगेत उभं राहावं लागतं, तिच्यात नोकरीच्या कोट्यातली सात टक्क्यांहून जास्त कार्डं साधारणपणे एका देशाला जात नाहीत. लक्झेंबर्गलाही सात, भारतालाही सात. त्या रांगेत माझे केस पिकले, मुलाला मिशा आल्या. कार्ड हातात पडल्यावरही पाच वर्षं थांबायचं, अर्ज करण्यापुरते त्यातले शेवटचे ९० दिवस तेवढे सरकार माफ करतं. इतकं सगळं झाल्यावर फ्लशिंगच्या डोशापायी घोडं अडलं तर?

म्हणून वकील गाठला. वकील पंधरा मिनिटांच्या हिशोबाने पैसे घेतात, त्यामुळे तो बोलायला लागला की मी श्वाससुद्धा बेताने घेत होतो. त्याने जे सांगितलं ते असं: अर्जाच्या सूचनांप्रमाणे वाहतुकीचा किरकोळ मामला असेल, अटक नसेल, दारू-नशेचा संबंध नसेल आणि शिक्षा म्हणजे ५०० डॉलरच्या आतला दंड किंवा लायसन्सवरचे पॉइंट एवढंच असेल, तर कागदपत्रं जोडायची गरज नाही. कागद नकोत. पण प्रश्न विचारलाय तर उत्तर खरं द्या. पार्किंगचं तिकीट गाडीला असतं, त्याची फिकीर नको; पोलिसाने थांबवून तुमच्या हातात दिलेलं लिहा. तिकिटाने नागरिकत्व जात नाही, लपवाछपवीने जाऊ शकतं. फायदा मिळवण्यासाठी शपथेवर खोटी साक्ष दिली की ती बाब किती का क्षुल्लक असेना, तुमच्या सच्छीलतेला बट्टा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगून ठेवलंय.

इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण वकिलाला वेळ भरून काढायचा असावा, कारण त्याने मला मास्लेनजॅक खटल्याची गोष्ट सांगितली. बॉस्नियातून आलेल्या एका सर्ब बाईंनी नवऱ्याच्या लष्करातल्या नोकरीविषयी खोटं सांगितलं होतं, म्हणून सरकारने त्यांचं नागरिकत्व काढून घेतलं. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी सरकारी वकिलाला विचारलं की मी फार पूर्वी एकदा ५५ मैलांच्या रस्त्यावर ६० ने गाडी चालवली होती, पकडला गेलो नव्हतो. मी नागरिकत्वाचा अर्ज करत असतो तर हे लिहायला हवं होतं का? सरकारी वकील म्हणाला, हो. रॉबर्ट्स यांचा विश्वास बसेना. दोन महिन्यांनी निकाल लागला तो एकमताने: ज्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्याशी काही संबंधच नाही, त्याच्यापायी ते काढून घेता येणार नाही.

कुठलाही शहाणा माणूस यातून एवढंच घेईल की किरकोळ गोष्टींचा बाऊ करू नये. मी घेतलं ते वेगळंच. माझ्या डोक्यात एकच गोष्ट रुतली: पाच मैलांसाठी खुद्द सरन्यायाधीशांनी लिहायला हवं होतं, असं सरकार भर कोर्टात म्हणालं. मी तेरा मैलांवर होतो. आणि पकडलो गेलो होतो.

घरी येऊन आठवायला बसलो. सोडायचं काही नाही असं एकदा ठरवल्यावर स्मरणशक्ती फार बेइमान होते. ‘अन्यत्र’ म्हणजे डोंबिवलीही आलीच. सेकंड क्लासचा पास खिशात असताना फर्स्ट क्लासमध्ये उभा होतो, तेव्हा कुर्ल्याला टीसीने उतरवून पावती फाडली होती. टीसी हा कायद्याचा अंमलबजावणी अधिकारी होतो का? काळा कोट तर असतो. हे वकिलाला विचारायला हवं होतं, पण त्यासाठी नवीन पंधरा मिनिटं सुरू झाली असती.

मग पुणं. इंजिनिअरिंगच्या दिवसांत वनवेतून उलटा आलो होतो. चौकातल्या मामाने अडवलं आणि प्रकरण पन्नास रुपयांत मिटलं. पावती नाही. म्हणजे सायटेशन नाही. मी सुटकेचा श्वास सोडणार एवढ्यात आधीचा प्रश्न दिसला: ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? पावती असती तर किरकोळ दंड होता. पावती नाही म्हणून ती लाच झाली. रात्री दोन वाजता उठून बसलो. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, पन्नास रुपये. ती कूस बदलून झोपली. पहाटे आठवलं की पैसे मी दिले नव्हते, मागे बसलेल्या मित्राने दिले होते. तो हल्ली कॅनडात असतो. त्याने त्यांच्या अर्जात काय लिहिलं ते त्याचं तो बघून घेईल.

आणि मग मला ई-चलान सुचलं. बाबांना भाजी आणायला सोपं पडावं म्हणून एका सुट्टीत मी डोंबिवलीला ॲक्टिव्हा घेऊन दिली होती, माझ्या नावावर. महाराष्ट्रात आता चौकातले कॅमेरे आणि पोलिसांच्या हातातली यंत्रं गाडीचा फोटो काढतात आणि चलान मालकाच्या नावाने निघतं. मी सहज म्हणून गाडीचा नंबर टाकून बघितला. पडद्यावर यादी सरकतच राहिली. विना हेल्मेट. विना हेल्मेट. सिग्नल तोडणे. ट्रिपल सीट. नो पार्किंग. पुन्हा ट्रिपल सीट. मी एडिसनमध्ये रात्री दहाला दात घासून झोपत होतो आणि माझं नाव तिकडे तिघांना घेऊन उंडारत होतं. ताबडतोब भाच्याला फोन लावला.

‘ओंकार, हेल्मेट का घालत नाहीस रे?’

‘मामा, गल्लीतल्या गल्लीत तर जातो.’

‘फोटोत शीळ फाटा दिसतोय.’

‘त्या दिवशी जरा काम होतं.’

‘आणि मागचे दोघं कोण?’

‘त्यांनाही तिकडेच काम होतं. तुम्ही टेन्शन घेऊ नका. आत्ता भरू पण नका, लोकअदालत लागली की कमी करून देतात.’

मी त्याला गुड मॉरल कॅरेक्टर म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मामा, तिकडे तुम्हाला कुणी काही बोललं का?’ सगळी चलानं मी त्याच रात्री भरली, कमी न करता.

अर्जात या प्रश्नासाठी एक तक्ता असतो. गुन्हा काय, तारीख कोणती, कुठे घडला, निकाल काय लागला, शिक्षा काय झाली. चार-दोन ओळींत आटोपावं अशी सरकारची अपेक्षा दिसते. मी पुरवणी पानं जोडली. मोटर व्हेइकल कमिशनला १५ डॉलर भरून गाडी चालवण्याचा अधिकृत इतिहास मागवला. कोर्टात जाऊन निकालाच्या शिक्क्याच्या प्रती आणल्या. खिडकीतल्या बाईंनी मला बघताक्षणी ‘सिटिझनशिप?’ एवढंच विचारलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या दोघांच्या हातातही तसलेच कागद होते.

बायकोचा अर्जही मीच भरत होतो. तिला ना तिकीट ना पॉइंट, आयुष्यात एक दंड नाही. वाचनालयाचं पुस्तकसुद्धा वेळेवर परत करणारी बाई. असा कोरा अर्ज संशयास्पद दिसेल असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात वंशपरंपरागत पदवीचा प्रश्न आला. अमेरिकेत उमरावगिरी चालत नाही. परदेशातली अशी पदवी असेल तर ती शपथविधीत जाहीरपणे सोडावी लागते. बायकोचं माहेर इनामदारांचं. मी ‘होय’वर खूण केली आणि तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, ‘आमची इनामं पन्नासच्या दशकातच खालसा झाली. उरलाय एक पडका वाडा आणि त्याच्यावर चुलत्यांचे खटले. ते पण सोडू का शपथेवर? आई जीव देईल.’ मग तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, ‘नाही’ केलं, ७१० डॉलर भरून आपला अर्ज पाठवून दिला आणि माझी पुरवणी पानं चाळायला घेतली. कुर्ल्याच्या टीसीपाशी थांबली. ‘हे आत्मचरित्र कुणी मागितलंय?’ असं तिने विचारलं. शेवटी तडजोड झाली. ज्या दोन तिकिटांना पोलीस, तारीख आणि पावती आहे ती लेखी. बाकीची तोंडी, विचारलं तर.

अर्ज गेला. बोटांचे ठसे झाले. मी जरा निवांत होतोय तोवर १५ ऑगस्ट उजाडला. इथल्या भारतीयांनी तिरंग्याचे फोटो टाकायला सुरुवात केली आणि नागरिकत्व खात्याने नेमका त्याच दिवशी, २०२५ च्या १५ ऑगस्टला, नवा फतवा काढला: अर्जदाराच्या सच्छीलतेचा विचार यापुढे समग्रपणे करावा, नुसता गंभीर गुन्हा नसणं पुरेसं नाही. समाजातल्या सर्वसाधारण माणसाच्या वागण्याशी विसंगत अशा गोष्टींचं उदाहरण म्हणून त्यात काय दिलं होतं? बेदरकार किंवा सवयीचा भाग झालेलं वाहतुकीच्या नियमांचं उल्लंघन. किती वेळा केलं म्हणजे सवय होते, ते लिहिलेलं नव्हतं. स्वातंत्र्यदिनाची जिलबी माझ्या घशाखाली उतरली नाही.

मुलाखत नेवार्कला होती. अधिकारी बाई, वयाने माझ्याएवढ्या, टेबलावर नातवंडाचा फोटो. उजवा हात वर करून शपथ घेतली. नागरिकशास्त्राचे प्रश्न शंभरातले दहा विचारायचे, सहा बरोबर आले की थांबायचं, ही तेव्हा माझ्यासारख्यांना लागू असलेली पद्धत. तो भाग मिनिटात उरकला; आपल्याकडे दहावीला याहून कठीण पेपर असतो. मग अर्ज. वंशसंहार, नाही. छळ, नाही. सशस्त्र टोळी, नाही. आणि तो प्रश्न आला.

‘येस,’ मी म्हणालो आणि फाइल टेबलावर ठेवली. रंगीत टॅब लावलेली. बाईंनी फाइलकडे पाहिलं, हात लावला नाही.

‘अटक?’

‘नाही.’

‘दारू?’

‘नाही. म्हणजे तेव्हा नाही.’

‘दंड भरलात?’

‘भरला.’

‘ओके,’ म्हणून त्यांनी पुढच्या पानासाठी माउस उचलला. इतक्या महिन्यांची तयारी, आणि पुरती दहा सेकंदं सुद्धा नाहीत. मला राहवलं नाही. मी म्हटलं, मॅडम, एक जुनी गोष्टही आहे. भारतातली. ट्रेनमधली. बाईंचे हात थांबले. मी सेकंड क्लासचा पास, फर्स्ट क्लासची गर्दी, कुर्ला स्टेशन, काळा कोट, सगळं सविस्तर सांगितलं. शपथेवर होतो. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग चष्मा काढला आणि विचारलं, ‘सर, ट्रेन तुम्ही चालवत होतात का?’

म्हटलं, नाही.

‘मग नेक्स्ट क्वेश्चन.’

फ्लशिंगचा डोसा आणि ओंकार मी मनातच ठेवले.

पास झालो. शपथविधीची नोटीस आली, एन-४४५. तिच्या मागच्या बाजूला काही प्रश्न असतात. मुलाखतीनंतरच्या काळात काय काय घडलं त्याची उत्तरं शपथविधीच्या दिवशी भरून न्यायची. त्यातला एक वाचून मी खाली बसलो. मुलाखतीनंतर तुम्ही कायदा मोडल्याबद्दल पकडले गेलात का, दंड झाला का, सायटेशन मिळालं का? आणि पुढे, जणू माझ्याचसाठी, स्पष्ट शब्दांत: वाहतुकीचे नियम धरून.

त्या दिवसापासून मी असा गाडी चालवायला लागलो की शेजाऱ्याच्या मुलाने सायकलवरून मला ओव्हरटेक केलं. स्टॉप साइनला थांबलो की मनात आकडे मोजायचो. पिवळा दिवा होईल या भीतीने हिरव्यालाच हळू व्हायचो. बायको माझ्याबरोबर गाडीत बसेना. आणि एका संध्याकाळी, ४५ मैलांच्या रस्त्यावर उजव्या लेनमधून मी २५ ने चाललो असताना, मागे लाल-निळे दिवे लुकलुकले.

या वेळी मी उतरलो नाही. हात स्टिअरिंगवर. पोलीस खिडकीशी आला, आत वाकून वास घेतला आणि विचारलं, ‘सर, तब्येत ठीक आहे ना?’ माझ्या मागे गाड्यांची वरात लागली होती. विनाकारण हळू चालवून वाहतूक अडवणं हासुद्धा न्यू जर्सीत गुन्हा आहे, त्यालाही दोन पॉइंट आहेत, ही माहिती मला त्याच्याकडून मिळाली. मी त्याला शपथविधीचं सांगितलं. एन-४४५ सांगितलं. बहुधा १५ ऑगस्टचंही सांगितलं असावं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. ‘मी तुम्हाला फक्त वॉर्निंग देतोय,’ तो म्हणाला.

‘लेखी की तोंडी?’ मी विचारलं.

‘तोंडी.’

‘म्हणजे हे सायटेशन नाही?’

‘सर, कृपा करून गाडी चालवा.’

शपथविधीच्या दिवशी तो कागद घेऊन टेबलापाशी उभा राहिलो तेव्हा त्या प्रश्नासमोर मी ‘नाही’वर खूण केली होती आणि शेजारी बारीक अक्षरात ‘तोंडी समज, अतिसावकाश’ असं लिहिलं होतं. तिथल्या तरुण कर्मचाऱ्याने ते वाचलं, शेजारणीला दाखवलं, तिने तिच्या शेजारच्याला. तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्याने ग्रीन कार्ड मागून घेतलं आणि सहज एका खोक्यात टाकलं. ज्याच्यासाठी माझे केस पिकले होते ते कार्ड खोक्यातल्या बाकीच्या कार्डांत दिसेनासं झालं. बायको पुढच्या रांगेत बसून हसत होती. तिच्या कागदावर सगळ्याच्या सगळ्या ठिकाणी नुसतं ‘नाही’.

आता मी या विषयातला जाणकार समजला जातो. लोक फोन करतात. परवा नानांचा आला. इतकी वर्षं ‘काही लिहू नकोस’ म्हणणारे नाना आता स्वतः अर्ज भरायला बसलेत आणि आवाज खाली आलाय.

‘अरे, एक विचारायचं होतं. कोल्हापूरला कॉलेजात असताना एकदा सायकलवर डबलसीट पकडलं होतं मला. वर दिवाही नव्हता. ते लिहू का?’

‘दंड किती झाला होता?’

‘दंड नाही केला रे. हवालदाराने दोन्ही चाकांची हवा सोडली.’

मी अर्ज उघडून तो तक्ता समोर घेतला. ‘नाना, निकालाचा रकाना सोडून द्या,’ म्हटलं. ‘शिक्षेच्या रकान्यात लिहा. आणि मला सांगा, वॉल्व्हट्यूब परत दिली होती की जप्त केली?’